धानाच्या वाणांची वंशावळ : ऑनलाइन नोंदवह्यांचा उपयोग व त्यांच्या मर्यादा
(भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

मृगाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात धानाच्या बियाण्याची खरेदी सुरू झाली म्हणजे जी नावे कानी पडतात, ती सर्व एका प्रकारची नसतात. 'एमटीयू १०१०' हे नाव म्हणजे आंध्रातील मारुटेरू येथील संशोधन केंद्राचे संक्षिप्त नाव आणि त्यापुढे वाणाचा क्रमांक होय. 'स्वर्णा' हे त्याच केंद्राच्या दुसऱ्या एका वाणाला प्रसारणाच्या वेळी दिलेले नाव आहे. 'एचएमटी' हे नाव एका मनगटी घड्याळावरून आले, तर 'चिन्नोर' हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले लोकनाम आहे. या नावांवरून वाण ओळखता येतो. परंतु तो कोणत्या मातापित्यांपासून निघाला, त्यांच्यापैकी कोण कोठून आले आणि त्याच्या अंगी असलेला एखादा गुण कोणाकडून उतरला, हे नावावरून कळत नाही. त्यासाठी वाणाची वंशावळ पाहावी लागते. एके काळी ही माहिती संशोधन केंद्रांच्या वार्षिक अहवालांत आणि पैदासकारांच्या टिपणवह्यांत अडकून पडलेली असे. आज तिचा बराच भाग महाजालावरील नोंदवह्यांत खुला झालेला आहे. साकोली किंवा पवनी येथील अभ्यासकालाही तो घरबसल्या चाळता येतो. मात्र या नोंदवह्या वेगवेगळ्या हेतूंनी ठेवलेल्या असल्यामुळे त्या वाचण्याची रीत ठाऊक नसल्यास त्यांतून चुकीचे निष्कर्ष निघण्याचा संभव असतो.

वाणांची नावे व त्यांचे मातापिता पद्धतशीर नोंदविण्याचा प्रघात प्रथम फुलझाडांच्या शौकिनांत रुजला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ऑर्किडच्या संकरांची सँडर यांची सूची १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९६१ पासून ती नोंदणी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्याकडे घेतली. आयरिस या कंदवर्गीय व मूलस्तंभवर्गीय फुलझाडांपैकी ज्यांना कंद नसतो त्यांची आंतरराष्ट्रीय नोंदणी १९५५ पासून अमेरिकन आयरिस सोसायटीकडे आहे. आयरिसच्या नोंदीत वाणाचे नाव, पैदासकार, वर्ष, फुलाचे वर्णन आणि बीजधारक व परागदाता असे दोन्ही मातापिता येतात. त्यामुळे आजच्या एखाद्या जांभळ्या आयरिसपासून मागे मागे जात शंभर वर्षांपूर्वीच्या झाडापर्यंत पोचता येते. फुलझाडाच्या बाबतीत हा बहुतांशी हौसेचा विषय असतो. धानाच्या बाबतीत तोच शोध शेतकऱ्याच्या पिकाशी आणि कधी कधी त्याच्या हक्काशी येऊन भिडतो.

धानासाठी अशी एकच नोंदवही नाही, आणि पहिला गोंधळ येथेच होतो. १९६६ च्या बियाणे अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये केंद्र सरकार जे वाण अधिसूचित करते, त्यांची यादी शासकीय संकेतस्थळावर पाहावयास मिळते. ही यादी मुख्यतः बियाण्याच्या विक्रीचे व गुणवत्तेचे नियमन करण्यासाठी आहे. वाणावर मालकी कोणाची, या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. दुसरी नोंदवही म्हणजे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाखालील राष्ट्रीय वाण नोंदवही. या कायद्याखालील प्राधिकरण नोव्हेंबर २००५ मध्ये स्थापन झाले आणि २००७ मध्ये प्रत्यक्ष नोंदणीला आरंभ झाला. येथे नोंद झाली म्हणजे हक्क निर्माण होतो. धानासारख्या पिकासाठी त्याची मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची असते. तिसरी नोंदवही भौगोलिक निर्देशनाची, म्हणजे लोकभाषेत जिला जीआय म्हणतात तिची. चौथा प्रकार जनुकपेढ्यांच्या सूचींचा. दिल्लीतील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो आणि फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्याकडे धानाचे नमुने संग्रह क्रमांकासह जतन केलेले आहेत. जगातील अनेक जनुकपेढ्यांच्या सूची 'जेनेसिस' या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात.

या चौघींपैकी प्रत्येकीला वेगळा प्रश्न विचारावयाचा असतो. पहिलीला विचारावे, हा वाण केव्हा व कोणत्या प्रदेशासाठी मान्य झाला. दुसरीला, तो कोणी व कशापासून तयार केल्याचा दावा केला. तिसरीला, हे नाव कोणत्या भूभागाशी जोडले गेले. आणि चौथीला, अमुक नमुना कोठून व केव्हा गोळा केला. एकीचे उत्तर दुसरीकडून मागितल्यास घोटाळा होतो. चिन्नोरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मध्य प्रदेशातील बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि त्यानंतर भंडाऱ्याच्या चिन्नोरचीही तशी नोंद झाली. दोन्ही जिल्हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, नाव एक, नोंदी मात्र दोन. यावरून हे दोन चिन्नोर आनुवंशिक दृष्ट्या एकच आहेत असे सिद्ध होत नाही. ते निरनिराळे आहेत असेही सिद्ध होत नाही. ती नोंदवही वंशाविषयी बोलतच नाही.

आता प्रत्यक्ष वंशावळ कशी वाचावयाची ते पाहू. पैदासकारांच्या लिखाणात संकर तिरप्या रेघेने दाखवितात. रेघेच्या डावीकडे मातृवाण, म्हणजे ज्याच्या लोंबीवर बी धरले तो वाण. उजवीकडे पितृवाण, म्हणजे ज्याचा पराग वापरला तो. या क्रमाला अर्थ आहे. पेशीद्रव्यातील आनुवंशिक द्रव्य मातेकडूनच येत असल्यामुळे मातृवाणांची साखळी स्वतंत्रपणे शोधता येते. पहिल्या संकराला एक रेघ, त्यातून निघालेल्या झाडाचा पुढे पुन्हा संकर केल्यास दोन रेघा, आणि त्यानंतरच्या संकराला दोन रेघांच्या मध्ये तीनचा आकडा, अशी रीत आहे. म्हणून लांबलचक सूत्र वाचताना सर्वांत मोठ्या चिन्हाशी प्रथम तोडावे, म्हणजे शेवटचा संकर हाती येतो. मग दोन्ही बाजूंचे तुकडे पुन्हा तसेच सोडवावेत. एखाद्या नावापुढे तारांकन व आकडा असल्यास तो वाण तितक्या वेळा वापरला, म्हणजे संततीचा त्याच पालकाशी पुन्हा पुन्हा संकर केला, असे समजावे.

नावामागील आकडेही निरर्थक नसतात. १९६६ मध्ये प्रसारित झालेल्या आयआर ८ चे मूळ नाव आयआर ८-२८८-३ असे होते. संस्थेने केलेल्या संकरांपैकी हा आठवा. त्याच्या दुसऱ्या पिढीतील २८८ व्या झाडाची निवड झाली. आणि त्याच्या संततीच्या ओळीतील तिसरे झाड पुढे नेण्यात आले. एवढी गोष्ट त्या तीन आकड्यांत साठविलेली आहे. संकर पेटा आणि दी-गिओ-वू-जेन यांचा. पेटा हा इंडोनेशियातील उंच वाण. तो सिना व लातीसाइल यांच्या संकरातून निघालेला. लातीसाइल मूळचा बंगालचा. दी-गिओ-वू-जेन हा तैवानमधील ठेंगणा वाण. भारतात १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या जया या वाणाची माता तायचुंग नेटिव्ह १. तिच्याही मातापित्यांत दी-गिओ-वू-जेन आहेच. म्हणजे आयआर ८ आणि जया हे निराळ्या देशांत, निराळ्या हातांनी तयार झालेले वाण असले तरी त्यांचा ठेंगणेपणा एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. २००२ मध्ये या गुणाचे जनुक ओळखले गेले. दी-गिओ-वू-जेनमध्ये त्या जनुकाचा ३८३ आनुवंशिक अक्षरांचा तुकडा गळालेला आढळला. वंशावळीने जे आधीच सांगितले होते, त्याला रेणूंच्या पातळीवर पुष्टी मिळाली.

याच रीतीने एमटीयू १०१० ची पितृबाजू मागे नेऊ. या वाणाचे मातापिता कृष्णवेणी आणि आयआर ६४. आयआर ६४ हा १९८५ मध्ये फिलिपाइन्समध्ये प्रसारित झाला. त्याचा पितृवंश आयआर २०६१ या संकरापर्यंत जातो. आयआर २०६१ च्या पूर्वजांत आयआर १७३७ आहे, आणि आयआर १७३७ चे सूत्र उघडले म्हणजे एका बाजूला चार वेळा वापरलेला आयआर २४ व दुसऱ्या बाजूला ओरायझा निवारा हे रानटी धान सापडते. खुरटा या विषाणुरोगाला प्रतिकार करणारे धान शोधताना सहा हजारांहून अधिक नमुने तपासण्यात आले. त्यांत उत्तर प्रदेशातून गोळा केलेला निवाराचा एकच नमुना प्रतिकारक्षम ठरला. रानातल्या तळ्याकाठचे, पिकताच दाणे गाळून टाकणारे हे धान, ज्याला पूर्व विदर्भातला शेतकरी आपल्या बांधीत आढळल्यास उपटून टाकील, ते त्याच बांधीत उभ्या असलेल्या १०१० च्या पूर्वजांपैकी एक आहे! तारांकनाचा हिशेब केल्यास आयआर १७३७ मध्ये निवाराचा अपेक्षित वाटा सोळांत एक भरतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक संकरात तो घटत जातो. तथापि हा वाटा सरासरीचा आहे. निवड करणारा पैदासकार हवा तो गुण धरून ठेवतो व नको ते टाकून देतो, त्यामुळे प्रत्यक्ष वारसा गणितापेक्षा कमी किंवा अधिक असू शकतो. वंशावळ शक्यता सांगते. खात्री प्रयोगशाळेतच होते.

या शोधाचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर गादमाशीत आहे. या माशीची अळी धानाच्या वाढबिंदूत शिरते. मग त्या फुटव्याला लोंबी न येता कांद्याच्या पातीसारखा पोकळ चंदेरी पोंगा बाहेर पडतो. ओलसर हवामानाच्या पूर्व विदर्भात ही कीड जुनी आहे. औषध अळीपर्यंत पोचणे कठीण असल्यामुळे प्रतिकारक वाण हाच तिच्यावरचा मुख्य उपाय मानला जातो. प्रतिकारक म्हणून मिळणाऱ्या वाणांची नावे अनेक आहेत. त्यांच्या वंशावळी पाहिल्या म्हणजे मात्र प्रतिकारशक्तीचे उगम फार थोडे असल्याचे दिसून येते. एका गटाचा उगम डब्ल्यू १२६३ या वाणात, आणि त्याच्याही मागे ईश्वरकोरा या देशी धानात आहे. काकतीय हा वाण आयआर ८ व डब्ल्यू १२६३ यांच्या संकरातून निघाला. दुसऱ्या गटाचा उगम सियाम २९ या थायलंडच्या धानात आहे; आयआर ८ व सियाम २९ यांच्या संकराने फाल्गुना तयार झाला.

दरम्यान माशीही स्वस्थ बसलेली नव्हती. एखाद्या प्रतिकारक वाणावर टिकून राहणाऱ्या माशीच्या उपजातीला कीटकशास्त्रात जैवप्रकार म्हणतात. भारतात असे अनेक जैवप्रकार ओळखले गेले आहेत. त्यांपैकी चौथा जैवप्रकार आंध्राच्या श्रीकाकुलम भागाप्रमाणेच भंडारा भागातही नोंदविला गेला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, डब्ल्यू १२६३ आणि फाल्गुना या दोन्ही गटांचा प्रतिकार तो मोडून काढतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या गावात तीन-चार निरनिराळ्या नावांचे 'प्रतिकारक' वाण पेरले आहेत, तेथे पिकात विविधता आहे असे वाटते; पण ते सर्व या दोन घराण्यांतलेच निघाले, तर गावाने प्रत्यक्षात एकाच कुलपाच्या किल्ल्या निरनिराळ्या खुंट्यांवर टांगल्या आहेत असे म्हणावे लागेल. बियाण्याच्या पिशवीवर ही गोष्ट छापलेली नसते. ती केवळ वंशावळीत दिसते. रोवणीपूर्वी वाण निवडताना नोंदवही पाहण्याचे सर्वांत मोठे प्रयोजन हेच होय, आणि कृषिविस्ताराच्या कामात त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

नोंदवही चाळताना दोन क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणींनी शोध पुष्कळदा फसतो. पहिली वर्णलेखनाची. चिन्नोर हे नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारांनी लिहिलेले आढळते. कोठे एक 'न', कोठे दोन, कोठे शेवटी 'ओर' तर कोठे 'ऊर'. संगणकाला हे सर्व निरनिराळे वाण वाटतात, म्हणून प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधावे लागते. दुसरी अडचण इतिहासाची आहे. भंडारा जिल्हा प्रथम मध्य प्रांतात, पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जनुकपेढीतील नमुन्याच्या मूळस्थानाच्या रकान्यात गोळा करतेवेळचे नाव राहिलेले असू शकते. यास्तव केवळ 'महाराष्ट्र' या शब्दाने शोधणाऱ्याला तुमसर किंवा आमगावचा जुना नमुना हाती लागेलच असे नाही. वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे धानाची देवाणघेवाण राज्यांच्या सीमा पाहून होत नव्हती. म्हणून १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या पुढाकाराने रायपूर येथे जमा झालेला छत्तीसगडच्या हजारो देशी धानांचा संग्रहही भंडाऱ्याच्या अभ्यासकाने परका मानता कामा नये.

यापेक्षा गंभीर मर्यादा निराळी आहे. वंशावळीच्या सूत्रात झाडांना जागा असते, माणसांना नसते. एचएमटी या वाणाचा इतिहास याचे जवळचे उदाहरण होय. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतातील पटेल ३ या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले, वर्षानुवर्षे वेगळे पेरले आणि त्यातून बारीक दाण्याचा, शिजल्यावर चवदार लागणारा एक वाण स्थिर केला. बाजारात आलेल्या या निनावी धानाला तळोधीच्या व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव दिले, आणि त्याच नावाने तो पाच-सहा राज्यांत पसरला. १९९४ मध्ये खोब्रागडे यांच्याकडून त्याचे बी सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राकडे गेले. १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शुद्ध निवडीच्या पद्धतीने पीकेव्ही एचएमटी हा वाण प्रसारित केला. श्रेय कोणाचे, हा वाद पुढे बराच काळ जाहीरपणे चालला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये खोब्रागडे यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. एचएमटी हे त्यांचे एकमेव काम नव्हे. विजय नांदेड, नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके हे वाणही त्यांनी निवडले. लौकिकाच्या मानाने त्यांच्या पदरात फार थोडे पडले, असे म्हणणे भाग आहे.

आता हा सर्व इतिहास वंशावळीच्या भाषेत लिहिला तर काय उरते? 'पटेल ३ मधील निवड', आणि पुढे 'एचएमटी मधील निवड'. शास्त्रीय दृष्ट्या यात काहीही चूक नाही. परंतु पटेल ३ आणि एचएमटी यांच्या मधली वर्षे, राखून ठेवलेल्या लोंब्या आणि त्या ओळखणारी नजर या सूत्रात कोठेच मावत नाही. एखादा अभ्यासक केवळ सूत्रावर विसंबला, तर तो बाजारातील एचएमटीला निनावी लोकवाण समजून पुढे जाईल.

२००१ च्या कायद्याने या पोकळीसाठी काही रकाने निर्माण केले. १८ व्या कलमान्वये अर्जदाराने पालक वाणांची संपूर्ण माहिती, ते भारतात कोठून घेतले ते ठिकाण, आणि वाण घडविण्यात कोणा शेतकऱ्याचा, ग्रामसमाजाचा किंवा संस्थेचा हातभार असल्यास तोही नमूद करावयाचा असतो. आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेले आनुवंशिक द्रव्य वापरले असल्यास ४० व्या कलमाप्रमाणे ते उघड करणे बंधनकारक आहे. ते दडविल्याचे आढळल्यास अर्ज फेटाळता येतो. ४१ व्या कलमान्वये गावाच्या वतीने, वाणाच्या उत्क्रांतीतील लोकांच्या योगदानाबद्दल दावा करता येतो. शेतकऱ्याचा स्वतःचा वाणही नोंदविता येतो. त्यासाठी त्याला शुल्क नाही. वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य या तीन कसोट्यांपैकी एकसारखेपणाच्या कसोटीत त्याला सवलत आहे: इतर वाणांत जितकी विजातीय झाडे चालतात त्याच्या दुप्पट येथे चालतात. चिन्नोरसारख्या, शेतागणिक थोडा थोडा बदलणाऱ्या देशी धानासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

मात्र रकाना असणे आणि तो भरला जाणे यांत अंतर आहे. अर्जात काय लिहावयाचे हे अर्जदार ठरवितो, आणि त्याला आव्हान देण्याची संधी मर्यादित असते. स्वीकारलेल्या अर्जांचा तपशील प्राधिकरणाच्या मासिक वाण-पत्रिकेत प्रसिद्ध होतो. ही पत्रिका ऑनलाइन मिळते. प्रसिद्धीपासून तीन महिन्यांच्या आत हरकत घेता येते. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील एखाद्या कुटुंबाने राखलेल्या धानातून कोणी वाण काढला व ते नमूद केले नाही, तर ती गोष्ट त्या तीन महिन्यांत कोणाच्या तरी दृष्टीस पडावयास हवी. आणि हरकतीसोबत पुरावाही जोडावा लागतो. बी कोणत्या वर्षी, कोणत्या बांधीतून वेगळे केले, कोणाला किती पायल्या दिले, याची तारीखवार टिपणे आणि लोंबीचे जपलेले नमुने हा तो पुरावा होय. जिल्ह्यातील कृषी महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी अशी टिपणे ठेवण्याचे काम अंगावर घेतल्यास दर महिन्याच्या पत्रिकेतील 'पालक वाण' हा रकाना त्यांच्याशी ताडून पाहता येईल.